विचारा फिटरला : पट्टे खाणारा ब्लोअर

या महिन्यात आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं पंख्यांची आहेत. घरातल्या नव्हे, कारखान्यातल्या आणि गच्चीवरच्या. पावसाळा सरला की दरवर्षी हेच होतं. चार महिने ताडपत्रीखाली झाकलेला ब्लोअर दसऱ्याला पुसून-बिसून, हार घालून चालू करतात आणि दिवाळीच्या आत माझ्याकडे पत्र येतं. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, कारण तोच प्रश्न सगळ्यात जास्त लोकांनी विचारला.

प्रश्न : स. न. वि. वि. दादरला तळमजल्यावर आमचं उपाहारगृह आहे. स्वयंपाकघरातला धूर खेचणारा ब्लोअर सातव्या मजल्यावरच्या गच्चीत बसवला आहे. साडेसात हॉर्सपॉवरची मोटर, बी मापाचे दोन पट्टे. दर दोन-अडीच महिन्यांनी पट्टे तुटतात. मेकॅनिक येतो, नवे चढवतो, 'एकदम टाइट करून दिलेत शेठ' म्हणून जातो. गेल्या वेळी मोटरचं बेअरिंगही गेलं. बाजारात डुप्लिकेट पट्टे येतात का? कुठल्या कंपनीचे घ्यावेत? — उपाहारगृह चालक, दादर

उत्तर : कंपनीचं नंतर बघू. पट्टा स्वतःहून क्वचितच मरतो, त्याला कोणीतरी मारतं. तुमच्याकडे कोण मारतंय ते पट्ट्यावरच लिहिलेलं असतं, पण मेकॅनिक जुना पट्टा गच्चीच्या कोपऱ्यात भिरकावून देतो आणि पुरावा जातो. पुढच्या वेळी तो उचलून आणा.

आधी मेन स्विच बंद करून त्याला कुलूप घाला आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. गच्चीवर आणखी एक भानगड असते. मोटर बंद असली तरी समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याने इम्पेलर, म्हणजे ब्लोअरच्या आतलं पात्यांचं चाक, हळूहळू फिरत राहतो. तो किती सहज बोट चेपतो हे पाहिलेला माणूस आयुष्यभर विसरत नाही. म्हणून मोठी पुली दोरीने फ्रेमला बांधा, मगच पट्ट्यावरचा गार्ड काढा.

आता गार्डच्या तळाशी बघा. काळी भुकटी साचली आहे? ते तुमच्या पट्ट्याचं रबर. जुन्या पट्ट्याच्या दोन्ही कडा बोटांनी चाचपा. एकच कड झिजून चकचकीत झाली असेल तर पुल्या एका रेषेत नाहीत. दोन्ही कडा काचेसारख्या गुळगुळीत आणि जळकट असतील तर पट्टा ढिला होता आणि घसरत होता. रबर फुगून मऊ, चिकट झालं असेल तर तेल लागलंय. स्वयंपाकघराच्या ब्लोअरला हे फार होतं. शाफ्ट जिथून केसिंगमध्ये शिरतो, त्या भोकातून तुपकट वाफ बाहेर येते आणि थेट पट्ट्यावर बसते. तिथलं सील बदलल्याशिवाय कितीही महागडा पट्टा घाला, उपयोग नाही.

मग पुलीची खाच. व्ही पट्टा, म्हणजे तुमच्यासारखा उतरत्या कडांचा पट्टा, खाचेच्या दोन भिंतींवर बसतो, तळावर नाही. तळाला त्याने टेकायचंच नसतं. खाचेचा तळ चकाकत असेल तर खाच रुंदावून पट्टा खाली बसायला लागलाय. नागदेवी स्ट्रीटवर खाच मोजायचं प्लास्टिकचं गेज मिळतं. ते खाचेत धरून मागून टॉर्च मारा. भिंत आणि गेज यांच्यात ०.८ मिलिमीटरच्या वर फट दिसली तर पुली बदला. झिजलेल्या पुलीवर नवा पट्टा म्हणजे फाटक्या चपलेला नवीन अंगठा. दादर-माहीमच्या खाऱ्या हवेत आणखी एक होतं. ब्लोअर आठ-दहा दिवस बंद राहिला की खाचेत गंज धरतो आणि चालू केल्यावर तो गंज पट्ट्याला कानशीसारखा घासतो. चालू करण्याआधी खाच तारेच्या ब्रशने साफ करून कोरड्या फडक्याने पुसा. तेल लावू नका, आणि आवाज बंद करायला मिळणारी ती चिकट पट्टा-वॅक्सची कांडी तर अजिबात नको.

इथवर आल्यावरही पट्ट्याला हात लावायचा नाही. आधी पाया. गच्चीवरची अँगलची फ्रेम, तिच्यावर स्लाइड रेल, रेलवर मोटर. मोटरचे चारही बोल्ट आवळा, मग एकेक सैल करून पायाखाली फट मोजायचं फीलर गेज घाला. बोल्ट सोडल्यावर पाय ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त उचलला तर तो पाय लंगडा आहे. त्याखाली तेवढ्याच जाडीचं शिम, म्हणजे पातळ पत्र्याचा तुकडा, द्या. स्टेनलेसचं, बोल्टला खाच असलेलं, एक किंवा दोन. डब्याचा पत्रा, हॅकसॉचं पातं, सिगारेटच्या पाकिटाची घडी, हे सगळं मी मोटरखालून काढलेलं आहे. पाय लंगडा असेल तर बोल्ट आवळताना मोटरच पिळते आणि तुम्ही जुळवलेली रेषा पाना शेवटचा फिरवताना हलते. मेकॅनिक मग म्हणतो, 'आत्ता तर सरळ होतं!'

रेषा जुळवायला लेझर नसला तरी चालतं. गळाला लावतात ती नायलॉनची दोरी घ्या. मोठ्या पुलीच्या बाहेरच्या कडेवरून ताणून लहान पुलीपर्यंत न्या. मोठीच्या दोन कडा, लहानीच्या दोन कडा, अशा चारही ठिकाणी दोरी नुसती टेकली पाहिजे. दोन्ही पुल्या अर्धा फेरा फिरवून पुन्हा बघा. आता वेगळं दिसलं तर पुलीच डगमगते आहे किंवा शाफ्ट वाकला आहे. आणखी एक, दोन्ही पुल्यांच्या कडांची जाडी सारखी असेलच असं नाही. बाहेरून दोरी सरळ आणि आत खाचा ४ मिलिमीटरने पुढेमागे, असं सर्रास असतं. कडेपासून पहिल्या खाचेपर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजा आणि जो फरक निघेल तो धरा.

चूक तीन तऱ्हेची असते. मोटर एका बाजूला कललेली, मोटर आडवी तिरपी बसलेली, किंवा दोन्ही पुल्या समांतर पण एक पुढे एक मागे. याच क्रमाने सुधारायचं. कल शिम घालून काढा, तिरपेपणा मोटर फिरवून, आणि पुढेमागे असेल तर पुली शाफ्टवर सरकवून. उलट क्रमाने गेलात तर प्रत्येक दुरुस्ती आधीची बिघडवते. पुस्तकात व्ही पट्ट्याला अर्धा अंश चालतो, म्हणजे मीटरला सुमारे ९ मिलिमीटर. मी त्याच्या निम्म्यावर थांबतो. तुमच्या पुल्यांचं अंतर ७०० मिलिमीटरच्या आसपास असेल, तर दोरीवर ३ मिलिमीटरच्या आत आणा.

आता पट्टे. दोन्ही एकदम बदला, एकाच कंपनीचे आणि एकाच लॉटचे. जुना-नवा जोडी लावली तर सगळा भार नव्यावर. मोटर पुढे सरकवून पट्टे हाताने चढवा. टॉमी किंवा पेचकस घालून पुलीवरून उपसून चढवलेल्या पट्ट्याच्या आतली दोरी तिथल्या तिथे तुटते. बाहेरून काही दिसत नाही आणि पंधरवड्यात पट्टा उलटतो. तुमच्या अडीच महिन्यांचं एक कारण हेही असू शकतं.

ताण किती? दोन पुल्यांमधल्या मोकळ्या पट्ट्याच्या मधोमध स्प्रिंग काट्याने दाबा. मीटरला १६ मिलिमीटर या हिशेबाने, ७०० ला सुमारे ११ मिलिमीटर खाली गेला पाहिजे, आणि तेवढा दाबायला किती जोर लागायला हवा याचा तक्ता पट्ट्याच्या कंपनीकडून मागून घ्या. अंगठ्याने दाबून 'बरोबर आहे' म्हणणारे पुष्कळ आहेत. प्रत्येकाचा अंगठा वेगळा. नवा पट्टा पहिल्या दिवशीच थोडा ताणतो आणि खाचेत बसतो, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा ताण बघायचा. हा दुसरा फेरा कोणीच मारत नाही. त्याऐवजी पहिल्याच दिवशी 'एकदम टाइट' करून ठेवतात, आणि मग मोटरचं बेअरिंग जातं. बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला तर त्याचं आयुष्य आठव्या हिश्श्यावर येतं. तुमचं बेअरिंग कुणी मारलं ते सांगायला नको.

राहता राहिला कंपनीचा प्रश्न. डुप्लिकेट पट्टे मिळतात, खरं आहे. ओळखीच्या डीलरकडून बिलावर घ्या म्हणजे झालं. गार्ड मात्र बंद पत्र्याचा असेल तर जाळीचा करून घ्या. उष्णता बाहेर जाते, आणि गार्ड न काढता पट्टा नजरेखालून जातो.

प्रश्न : मोटर जळाली म्हणून वाइंडिंग करून आणली. पट्टा, पुली सगळं तेच. ब्लोअर चालतो, हवाही येते, पण निम्मीच. डक्टमध्ये काही अडकलेलं नाही. — देखभाल पर्यवेक्षक, वागळे इस्टेट

उत्तर : उलटा फिरतोय. सेंट्रिफ्यूगल ब्लोअर उलटा फिरला तरी हवा त्याच तोंडातून बाहेर येते, फक्त कमी, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. केसिंगवरचा बाण बघा, आणि इलेक्ट्रिशियनकडून तीनपैकी कुठल्याही दोन फेजची अदलाबदल करून घ्या. बाणावर रंगाचे थर चढले असतील तर पॉलिश पेपरने घासा, खाली सापडेल.

प्रश्न : कुर्ल्याला आमचं पेंटिंगचं शेड आहे. धुराळा नीट खेचला जात नाही. मोटरची पुली मोठी करून पंखा २० टक्के जोरात फिरवावा असं फॅब्रिकेटर म्हणतो. मोटर १० हॉर्सपॉवरची आहे. करू का? — लघुउद्योजक, कुर्ला

उत्तर : फॅब्रिकेटरला विचारा, मोटरचं बिल तो भरणार का. वेग २० टक्के वाढला की हवा २० टक्के वाढते, पण लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे १.७३ पट. आज मोटर ७ हॉर्सपॉवर ओढत असेल तर उद्या १२ मागेल. शिवाय इम्पेलरला ठरलेली कमाल गती असते, ती प्लेटवर किंवा कंपनीच्या कागदावर असते. ती ओलांडून पंखा फिरवणं म्हणजे जीवाशी खेळ.

आधी फिल्टर बदला, डक्टचे सांधे बघा. आणि पट्टा घसरत नाही ना, ते टॅकोमीटरने मोजा. मोटरची आणि पंख्याची गती मोजून पुल्यांच्या व्यासांच्या गुणोत्तराशी ताडून बघा. पंख्याची गती हिशेबापेक्षा पाचेक टक्के कमी निघाली तर तुमची हवा तिथेच हरवली आहे.

प्रश्न : काका, मी आयटीआयची फिटर ट्रेडची विद्यार्थिनी आहे, सध्या अप्रेंटिस म्हणून लागले आहे. आमच्याकडे टेपर लॉक पुली (उतरत्या बुशने शाफ्टवर धरलेली) काढताना सीनियर लोक मागून घणाने ठोकतात. मला हे बरोबर वाटत नाही, पण बोलता येत नाही. बरोबर पद्धत सांगाल का? — अप्रेंटिस, मुलुंड

उत्तर : तुला बरोबर वाटत नाही ते बरोबरच आहे. घणाचा प्रत्येक ठोका शाफ्टमधून थेट बेअरिंगच्या रोलरवर जातो.

बुशच्या तोंडाकडे नीट बघ. कडेला गोल भोकं आहेत, पण ती अर्धी बुशमध्ये आणि अर्धी पुलीत. काही भोकांत आटे पुलीच्या बाजूला आहेत, त्यांत ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे) आवळले की बुश आत ओढला जातो आणि शाफ्टला धरतो. एका भोकात मात्र आटे बुशच्या बाजूला आहेत. ते काढायचं भोक. सगळे स्क्रू काढ, एका स्क्रूला तेलाचा थेंब लाव, त्या भोकात घाल आणि एलन कीने आवळत जा. 'कट्' असा आवाज येऊन बुश सुटतो. सुटला नाही तर स्क्रू आवळलेला ठेवून पुलीच्या हबवर पितळी ड्रिफ्टने हलकेच ठोक. घण नाही.

बसवताना उलट शिस्त. शाफ्ट, बुशचं भोक, बुशची बाहेरची उतरती बाजू आणि पुलीची आतली, सगळं पुसून कोरडं कर. या उतरत्या बाजूंना तेल-ग्रीस लावायचं नाही. 'लावलं की छान बसतं' असं सीनियर सांगतील. छान बसतं ते इतकं की हब तडकतो. स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळ. मग बुशच्या तोंडावर लाकडाचा ठोकळा धरून हातोडीने दोन-तीनदा ठोक आणि पुन्हा आवळ. पाना थोडा तरी फिरेलच. तो फिरायचा थांबेपर्यंत हे करायचं. शेवटी रिकाम्या भोकात ग्रीस भर, नाहीतर पुढच्या वेळी काढताना आट्यांत गंज आणि सिमेंटची धूळ बसलेली असेल.

बुशवर २५१७ असा आकडा दिसेल. पहिले दोन म्हणजे जास्तीत जास्त अडीच इंचाचं भोक, पुढचे दोन म्हणजे सुमारे १.७ इंच लांबी. ३०२० चं तूच सांग. सीनियरसमोर हे तोंडाने सांगू नकोस, पुढची पुली आपणहून मागून घे आणि त्यांच्यादेखत काढ. गिरणीत मी असंच शिकलो. ह्युमिडिफिकेशन प्लँटचा पंखा बंद पडला की खात्यातला दमटपणा उतरायचा, धागे तुटायला लागायचे आणि जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, खाली येऊन ओरडायचा. तिथे वाद घालायला वेळच नसायचा, जो लवकर काढील त्याची पद्धत खरी.

प्रश्न : आमच्या व्हेंटिलेशन फॅनच्या प्लमर ब्लॉकमध्ये, म्हणजे शाफ्ट पेलणाऱ्या बेअरिंगच्या हाउसिंगमध्ये, २२२१६ बेअरिंग आहेत. ठेकेदाराचा माणूस दर आठवड्याला ग्रीस बाहेर येईपर्यंत मारतो, तरी हाउसिंग ८० अंशांपर्यंत तापतं. ग्रीस आणखी वाढवावं का? — कनिष्ठ अभियंता, चेंबूर

उत्तर : कमी करा. तुमचं बेअरिंग ग्रीसअभावी नव्हे, ग्रीस घुसळून तापतंय. हाउसिंगमधली मोकळी जागा तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत भरायची असते.

पुन्हा भरण्याचा हिशेब सोपा आहे. बेअरिंगचा बाहेरचा व्यास गुणिले रुंदी, दोन्ही मिलिमीटरमध्ये, गुणिले ०.००५, म्हणजे ग्रॅम. २२२१६ चा व्यास १४०, रुंदी ३३. उत्तर २३ ग्रॅम. आता ग्रीसगनचे वीस स्ट्रोक कागदावर मारून किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यावर वजन करा, म्हणजे तुमच्या गनचा एक स्ट्रोक किती ग्रॅमचा ते कळेल. तो आकडा गनवर रंगाने लिहून ठेवा. किती दिवसांनी मारायचं ते बेअरिंग कंपनीच्या तक्त्यात गतीप्रमाणे मिळेल. तो तक्ता ७० अंशांसाठी असतो, त्यापुढे दर १५ अंशांना मुदत निम्मी करा. तरीही ती आठवड्यावर येणार नाही. ग्रीस मारल्यावर काही तास तापमान वाढतं आणि मग उतरतं. ते पाहून घाबरू नका. उतरलंच नाही तर घाबरा.

ठेकेदार बदलला तेव्हा ग्रीसही बदललं का, हे विचारा. लिथियम आणि पॉलियुरिया एकमेकांत मिसळले की बऱ्याचदा पातळ होऊन गळून जातात. आणि एकदा झाकण उघडून बघा. दोनपैकी एकाच ब्लॉकमध्ये बेअरिंगला जागी अडकवणाऱ्या लोकेटिंग रिंग असायला हव्यात, बहुधा पुलीच्या बाजूला. दुसरं बेअरिंग हाउसिंगमध्ये आडवं सरकायला मोकळं पाहिजे. 'रिंग उरल्या होत्या म्हणून तिकडे पण टाकल्या' हे वाक्य मी ऐकलेलं आहे. मग शाफ्ट तापून लांब व्हायला जागाच उरत नाही आणि दोन्ही बेअरिंग एकमेकांना दाबत बसतात.

प्रश्न : बॉयलरचा आयडी फॅन (धूर बाहेर खेचणारा) आहे, कपलिंगने थेट मोटरला जोडलेला. थंड असताना डायल गेजने ०.०५ मिलिमीटरच्या आत अलाइनमेंट केलं, म्हणजे दोन्ही शाफ्ट एका रेषेत आणले. चालू केल्यावर पहिला तास उत्तम, मग व्हायब्रेशन वाढत जातं. थंड झाल्यावर पुन्हा डायल लावला तर सगळं जागेवर! बॅलन्सिंगवाला म्हणतो इम्पेलर बॅलन्स करू. — शिफ्ट इंजिनिअर, तळोजा

उत्तर : बॅलन्सिंगवाल्याला थांबवा. इम्पेलरवर राख चिकटून बॅलन्स गेला असता तर थंड असतानाही हलला असता. तुम्ही थंड पंखा जुळवलाय आणि चालवताय गरम.

पोलाद दर अंशाला, दर मीटरला ०.०१२ मिलिमीटर वाढतं. समजा बेअरिंगचा पोलादी पेडेस्टल (उभा आधार) शाफ्टच्या मध्यापर्यंत ६०० मिलिमीटर उंच आहे आणि चालताना सरासरी ४० अंशांनी तापतो. शाफ्ट ०.२९ मिलिमीटर वर गेला. मोटरही वाढते, पण तिची मध्यउंची २८० आणि तापणं ३० अंश धरलं तर फक्त ०.१०. म्हणजे गरम झाल्यावर पंखा मोटरपेक्षा ०.१९ ने वर जातो. तुमचे ०.०५ तिथे कुठे उरले? म्हणून थंड असताना मोटर ०.१९ ने वर ठेवायची, म्हणजे गरम झाल्यावर दोघं एका उंचीवर येतात. हे आकडे माझे आहेत. तुम्ही पेडेस्टल आणि मोटरच्या पायांचं तापमान चालू स्थितीत इन्फ्रारेड गनने चार-पाच ठिकाणी मोजून स्वतःचे काढा.

इथे बरेच जण अडखळतात. कपलिंगच्या कडेवर लावलेला डायल वरून खाली फिरवला की सरकल्याच्या दुप्पट दाखवतो. ०.१९ चा फरक हवा असेल तर डायलवर वर-खालचा फरक ०.३८ यायला हवा. शिवाय डायल धरणारा दांडा स्वतःच्या वजनाने वाकतो. तो आधी एका सरळ, जाड पाइपवर बांधून फिरवा, किती झोल येतो ते लिहा आणि प्रत्येक वाचनातून वजा करा.

करून झाल्यावर पंखा पूर्ण गरम करा, बंद करा, कुलूप घाला आणि इम्पेलर थांबताक्षणी डायल लावा. दोन माणसं आणि हत्यारं आधीच मांडून ठेवा, कारण पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतलंच वाचन कामाचं. ते आकडे बघून शिममध्ये उरलेला फेरफार करा आणि त्या आकड्यांचा कागद पॅनेलच्या दाराला आतून चिकटवा. पुढच्या शटडाउनला फिटर दुसराच असेल.